समाधीला वळसा

३ मार्च १९५८, सोमवार. सकाळी स्वामी आले, घराच्या पायाची पूजा झाली. जाफर गवंडी आणि त्याचा गडी श्रीमंत कामावर हजर. जमीन वाळून दगड झाली आहे, कुदळ लागत नाही. दुपारी जाफरने पाण्याचा उतार पाहिला. त्यावर बोलणे झाले. कल्याणप्पा भावजी न जेवता गेले. तळ्यात पाणी थोडेच, पण बगळे आहेत.

एवढं लिहून शांताक्कांनी टाक पुसला आणि दौतीला बूच लावलं. "त्यावर बोलणे झाले" हे एका ओळीत बसलं खरं, पण ते बोलणं तेवढ्यावर भागलेलं नव्हतं.

जाफर गवंड्याची एक रीत होती. कुठलंही घर धरायच्या आधी तो जागेच्या वरच्या अंगाला जाऊन घागरभर पाणी ओतायचा आणि पाण्यामागनं चालत यायचा. पाणी कुठं पसरतं, कुठं दम खातं, कुठं पळतं, हे बघून मग तो पायाची दोरी ताणायचा. त्या दुपारीही त्यानं माळाच्या कडेला घागर ओतली. तापलेल्या मातीनं थोडं पाणी पिऊन टाकलं. उरलेलं आधी बोटं फुटल्यासारखं पांगलं, मग एक झालं, खोलगट लवणात उतरलं आणि सरळ जाऊन वीरप्पांच्या समाधीच्या दगडाला टेकलं.

जाफरनं दुसरी घागर बरीच बाजूला सरकून ओतली. ते पाणीही फिरून तिथंच आलं.

"पान्यालाबी मालकाचीच भेट घ्यायची हाय," तो म्हणाला. हसण्यावारी न्यायला बोलला, पण हसलं कोणी नाही.

वीरप्पा म्हणजे शांताक्कांचे यजमान. बेंबळीपासून थोड्या अंतरावरच्या या गावात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. दुकान धाकट्या भावाच्या, कल्याणप्पांच्या भरवशावर टाकून ते रोज तिसऱ्या प्रहरी तळ्यावर येत. हे तळं निजामाच्या अमलातलं. त्याच्या वरच्या काठाला त्यांच्या घरची जमीन होती, आणि ती कुणाच्या उपयोगाची नव्हती. बऱ्या पावसाच्या वर्षी तिथं गुडघाभर चिखल व्हायचा, लव्हाळा आणि पाणकणीस माजायचं, ज्वारी पेरली तर कोंब पिवळा पडायचा. गावात तिला चिबड म्हणत. वीरप्पांना मात्र तीच आवडायची. बाभळीखाली बसून ते पाणकोंबड्या बघत. दुखणं विकोपाला गेलं तेव्हा म्हणाले, "मला गावच्या रुद्रभूमीत नका नेऊ. तिथं बाभळीपाशी बसवा. तिथनं तळं दिसतं."

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून, हातात इष्टलिंग देऊन, भस्म आणि बेलाची पानं घालून मातीत ठेवतात. छपन्न सालच्या वैशाखात वीरप्पांना तसं ठेवलं. त्या आधीची दोन-तीन वर्षं पावसानं ओढ दिलेली होती. जमीन भेगाळून गेली होती. त्या जागी कधी पाणी वाहत असेल असं खड्डा काढणाऱ्यांच्या मनातही आलं नाही.

पुढं घराच्या वाटण्या झाल्या. दुकान आणि गावातलं घर कल्याणप्पांकडं गेलं, तळ्याकाठची जमीन शांताक्कांकडं आली. "दुसऱ्या कुणाला नको होती, म्हणून मला मिळाली," असं त्या म्हणायच्या. तरी खरं सांगायचं तर त्यांना दुसरं काही नकोच होतं. त्या सोलापूरच्या. वडील गिरणीत कारकून, म्हणून मुलगी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात शिकली. लग्न होऊन या गावात आली तेव्हा रोज वहीत लिहायला बसणारी सून गावानं पहिल्यांदाच बघितली. सासू विचारायची, "काय लिवती गं रोज? आमच्या चहाड्या?" शांताक्का म्हणायच्या, "काय शिजलं ते लिहिते, अत्याबाई." सासूला ते पटायचं नाही. वीरप्पांना पटायचं. माल आणायला सोलापूरला गेले की ते न सांगता एक वही घेऊन यायचे. बायकोशी चारचौघांत बोलायची पद्धत नसलेल्या घरात एवढं खूप होतं.

आता गावातल्या घरात दिराच्या सोप्याला राहायचं आणि समाधीवर बेल वाहायला रोज शेत तुडवत यायचं, यापेक्षा समाधीशेजारीच घर बांधावं असं त्यांनी ठरवलं. मागच्या ओट्यावर बसलं की ती समोर दिसावी. उरलेले दिवस तसे काढावेत. एवढंच मागणं होतं. मुलगी नागम्मा भूमला दिली होती, तिच्या संसारात त्यांना जायचं नव्हतं.

तर त्या दुपारी दगडाला टेकलेल्या पाण्याकडं बघत कल्याणप्पा म्हणाले, "वैनी, माळाचं सगळं पाणी ह्याच लवणानं तळ्याला जातंय. घर बांधलं तर त्याला वाट द्यावी लागंल, अन् वाट ही एकच हाय. आत्ताच स्वामींना विचारू. विधी करून माती हलवता येती. बाभळीच्या पल्याड उंचवट्यावर नेऊ. अण्णाला तिथनंबी तळं दिसंल."

शांताक्का शांतपणे म्हणाल्या, "दुकान हललं, घर हललं. आता माणूसही हलवा, भावजी."

कल्याणप्पांचं तोंड उतरलं. "वाटणीचा राग पान्यावर काढू नका."

"मी राग काढत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून उत्तर दिलं."

"मग माझं म्हननं सोडा. पान्यानं काय सांगितलं ते तरी ऐका."

शांताक्कांना पाण्यानं सांगितलेलं कळत होतं. त्या काही अडाणी नव्हत्या, आणि डोळे त्यांनाही होते. पण ते दिराच्या तोंडून आलं, तिथं ते अडलं. त्या जाफरकडं वळल्या. "जाफरभाई, तुम्ही सांगा."

जाफरनं पागोट्याच्या शेवानं मान पुसली. खरं तर त्याच्या तोंडात कल्याणप्पांचंच उत्तर होतं. पण त्यानं दगडाकडं बघितलं, दगडावरच्या वाळल्या बेलाकडं बघितलं. "कबरीला कुदळ लावायची न्हाय, अक्का," तो म्हणाला. "आमच्यात तर सवालच न्हाय. माझ्या अब्बाची कबर रस्त्यात आली आसती तर म्या रस्ता वळवला आसता."

"मग पाण्याचा चर खणून वळवा."

"वळवतो. मातीच हाय, ऐकंल."

पाट्या उचलणारा श्रीमंत मागून पुटपुटला, "आमच्याकडं बरं हाय बाबा. राख झाली, पान्यात सोडली, सुटला मानूस."

"तू चिखल कालव," जाफर म्हणाला.

त्या जागी पुरणाऱ्या जातीचे तिघं उभे होते. त्यातल्या एकाचं ऐकायचं नाही असं ठरलेलं होतं आणि उरलेल्या दोघांचं एका शब्दात जमलं. घर बांधणारा आणि बांधून घेणारी, दोघांनाही आपण पुण्याचं केलं असं वाटलं. कल्याणप्पांनी हातातला नारळ पायाच्या दगडापाशी ठेवला आणि ते ताटावर न बसताच गावाकडं चालू लागले.

घर उन्हाळ्यात उभं राहिलं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं ओटा, दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे. मुरूम टाकून जाफरनं जोतं चांगलं कमरेएवढं उचललं. चर माळावरून सरळ येऊन समाधीच्या अलीकडं एकदम डावीकडं वळला. पण तिकडं जमीन चढाची. म्हणून तो खोल खणावा लागला, आणि तरीही त्याला उतार कसाबसाच मिळाला. निघालेल्या मातीचा समाधीभोवती बांध घातला, त्याला बाहेरून दगड लावले. समाधी ताटलीत ठेवल्यासारखी दिसू लागली. जाफरनं त्या बांधावर घरापेक्षा जास्त जीव ओतला. दगडाला दगड असा भिडवला की मधे सुरी शिरू नये.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. चरातून घोटाभर पाणी वाहिलं, वळणावर थोडं थबकलं, मग गेलं. शांताक्का ओट्यावर उभ्या राहून ते बघत होत्या. जाफर मुद्दाम बघायला आला होता. "बघा अक्का, ऐकली का न्हाय माती?" तो म्हणाला आणि दोघं लहान पोरांसारखे हसले.

ते वर्ष शांताक्कांचं होतं. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, मग समाधीवर बेल आणि मग ओट्यावर चहाचा कप. विधवेनं असं सुखात असू नये, हे त्यांना ठाऊक होतं. पण बघायला होतं कोण? समोर लव्हाळ्यात पाणकोंबड्या, आणि त्यांच्या अलीकडं वीरप्पा. काही लिहायचं राहिलं की त्या मोठ्यानं विचारत, "काल ज्वारी कुणी आणून टाकली हो?" उत्तराची वाट बघितल्यासारखं करत आणि मग आठवून लिहीत. कल्याणप्पा बाजाराच्या वाटेनं जाताना दिसत. ते समाधीला लांबूनच हात जोडत आणि घराकडं न बघता पुढं जात.

दुसऱ्या वर्षी श्रावणात नागम्मा बाळंतपणाला आली. भाद्रपदात तिला मुलगी झाली. अडून झाली. नागम्माचा ताप उतरेना, उठवून बसवलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. अशात उत्तरा नक्षत्र लागलं आणि पाऊस धरला. तो या मुलखातला पाऊसच नव्हता. आला, पडला, गेला, असा पाऊस या मुलखाला माहीत. हा आला आणि बसला. तळं भरलं, मग फुगलं. पाणी लव्हाळा बुडवत, बाभळीचा बुंधा बुडवत, घराला वळसा घालून पुढच्या पडवीच्या पायऱ्यांना येऊन लागलं.

मंगळवारी सकाळी आतून नागम्मानं हाक मारली. "अव्वा, भिंत बघ. घाम फुटलाय तिला."

शांताक्कांनी मागच्या भिंतीला हात लावला. हात ओला झाला. दगडांच्या सांध्यांतून मातीचं पाणी बारीक धारेनं खाली उतरत होतं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबल्या. ओटा दिसत नव्हता. माळानं आपली सगळी माती आणून चराच्या वळणात टाकली होती आणि वळण बुजलं होतं. पाण्याला पुढं वाट नव्हती. एका अंगाला समाधीचा बांध, दुसऱ्या अंगाला घराचं जोतं, आणि मधे ते चढत होतं. समाधीचा दगड बांधाच्या आत, कोरडा, तसाच होता. जाफरचं काम पक्कं होतं. एक थेंब आत गेला नव्हता.

थोड्याच वेळात जाफर आला. त्याच्यामागं पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेले कल्याणप्पाही आले. दीड वर्षात ते त्या घराच्या उंबऱ्यापाशी आले नव्हते. कुणी बोलावलंही नव्हतं. दोघं माळाच्या बाजूनं, कमरेभर पाण्यातून भिंतीला धरून आले होते.

जाफरनं आत येऊन भिंतीला कान लावला, मग तळवा लावला. "चिखल वाहून चाललाय आतला. दगडं नुस्ती एकावर एक हाईत आता."

"पोरीला बाहेर काढू," कल्याणप्पा म्हणाले. "बाजेवर घालून. पुढच्या दारानं."

जाफर पडवीच्या पायऱ्या उतरला. दोन पावलं गेला आणि कमरेपर्यंत रुतला. पाणी मांडीएवढंच होतं, खाली चिबडीनं पाय धरले होते. पायरीला धरून, कल्याणप्पांनी दंडाला ओढून, तो कसाबसा वर आला. "एकटा मानूस निघंना," तो धापा टाकत म्हणाला. "बाज कशी न्यायची? अन् मागनं नेली तर भिंतीखालनंच न्यावी लागंल."

आत पोर रडू लागली. पत्र्यावरच्या पावसात तिचं रडणं मधेच ऐकू यायचं, मधेच नाही. नागम्मा म्हणाली, "काका, काय झालंय? कुणी सांगता का मला?" 

तिघंही मागच्या दारात येऊन उभे राहिले. पाणी कुठं सोडायचं हे प्रत्येकाला माहीत होतं. जाफरनं घरातली कुदळ उचलली होती. बांधावर चढून तो समाधीच्या वरच्या बाजूला उभा राहिला आणि कुदळ त्यानं तशीच खाली धरली.

"मार," त्याच्यामागोमाग बांधावर आलेले कल्याणप्पा म्हणाले.

"म्या म्हनलो हुतो, हितं कुदळ लावायची न्हाय. म्याच म्हनलो हुतो." जाफरनं कुदळ पुढं केली. "तुमी मारा, सावकार. तुमचं मानूस हाय."

कल्याणप्पांनी कुदळ घेतली. दोन्ही हातांनी वर उचलली आणि परत खाली आणली. "अण्णा हाय तो माझा," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

शांताक्कांनी पदर कमरेला खोचला. त्या पाण्यातून बांधावर कशा गेल्या हे नंतर त्यांनाही आठवेना. कल्याणप्पांच्या हातातून कुदळ घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "सरका, भावजी."

पहिला घाव दगडावर बसला आणि हात झिणझिणला. दुसऱ्या घावाला दगड हलला. एवढा नीट बसवलेला दगड. तिसरा घाव त्यांनी मारला की नाही कुणास ठाऊक, कारण तोवर दोघंही रडत रडत हातांनी दगड उपसू लागले होते. माती आधी ओली झाली, मग काळी झाली, मग तिच्यातून बोटभर धार निघाली. जाफरनं शांताक्कांना दंड धरून मागं ओढलं. बांधाचा तुकडा बसला आणि कोंडलेलं सगळं पाणी एकदम आत घुसलं. समाधीचा दगड क्षणभर उभा राहिला, मग कलला. त्याच्याखालची जमीन आत बसली. खाली पोकळ होतं. पाणी त्यात शिरलं, फिरलं, फुगून वर आलं आणि दुसऱ्या बाजूचा बांध फोडून तळ्याकडं गेलं. सरळ गेलं.

शांताक्कांनी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत.

ओटा हळूहळू वर आला. भिंत राहिली. दुपारनंतर पाऊसही थांबला, आणि हे त्याला सकाळी का सुचलं नाही, असं विचारायलाही कुणाच्या अंगात जोर उरला नव्हता. जिथं समाधी होती तिथं आता एक ताजा ओघळ पडला होता, कडा तुटलेल्या, तळाशी पिवळा मुरूम उघडा पडलेला. कल्याणप्पा तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उतरले. चिखलात हात घालून शोधत राहिले. अण्णाच्या हातातलं लिंग मिळावं, निदान लिंग. समाधीचा दगड मिळाला, तो लव्हाळ्यात पालथा पडला होता. बाकी काही मिळालं नाही. बाहेर येऊन ते ओट्याच्या पायरीवर बसले. थंडीनं त्यांचे दात वाजत होते.

"वैनी, तवा जर..." एवढं म्हणून ते थांबले.

"बोला, भावजी. बोलून टाका."

"काय बोलू? माझ्या बोलण्यानं का ते मागं येतंय?"

शांताक्कांना वाटलं, यांनी बोलावं. घालून पाडून बोलावं, गावभर सांगावं. म्हणजे उत्तर तरी देता येईल. पण कल्याणप्पा उठले. त्यांनी ओल्या पंच्यानं डोळे पुसले आणि आत बाळंतिणीची चौकशी करून, गावातून काय पाठवू म्हणून विचारलं.

जाफर ओघळाच्या कडेला बसला होता. त्यानं काठीनं चिखलात रेघ ओढली, पुसली. "पानी उतरलं की दगड परत बसवू, अक्का. म्या आनतो वर काढून."

"कशावर बसवायचा?"

तो उठला, आणि सलाम न करताच गेला. असं तो कधी जात नसे.

दिवस मावळतीला आला. तळ्यावर बेडूक सुरू झाले. नागम्माला झोप लागली होती, तापही थोडा उतरला होता. पोर दूध पिऊन मूठ आवळून पडली होती. घर कोरडं होत चाललं होतं. शांताक्का मागच्या दारात उभ्या राहिल्या. समोर ओघळ, त्याच्या पलीकडं तळं. मधे आता काहीच आड येत नव्हतं. या दारातून आता जन्मभर हेच दिसणार, हे त्यांच्या नीट ध्यानात आलं. दार कुठं दुसरीकडं काढता येईल का, असंही मनात येऊन गेलं. पण त्या बाजूला सगळीकडून तेच दिसत होतं. मोठ्यानं काही विचारायला त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्यांनी दार लावलं. चुलीपुढं बसून फुंकणीनं बराच वेळ फुंकलं. मग हात धुऊन वही घेतली. तारीख घातली, वार घातला. टाक दौतीत बुडवला, तो सुकला, परत बुडवला.

२२ सप्टेंबर १९५९, मंगळवार. सरपण भिजले. चूल पेटली नाही. बाळंतिणीचे पाणी शेगडीवर तापवले. कोळसा उद्यापुरता आहे.